बालकांच्या ल्युकेमियाची चिकित्सा : सहकारी परीक्षणाचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

वैद्यकाचा इतिहास बहुधा औषधांच्या शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. देवीची लस, क्विनीन, पेनिसिलिन अशी एकेक नावे घेतली की त्या त्या रोगावरील विजयाची कथा पूर्ण झाली, असे मानण्याकडे आपला कल असतो. काही रोगांच्या बाबतीत ही मांडणी पुरेशी आहे. रक्ताच्या कर्करोगाच्या, म्हणजे ल्युकेमियाच्या, बाबतीत मात्र ती अपुरी पडते. ती का अपुरी पडते हे पाहणे हाच प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

विवेचन आटोपशीर राहावे म्हणून ल्युकेमियाच्या अनेक प्रकारांपैकी एकच येथे घेतला आहे : बालकांत सर्वाधिक आढळणारा तीव्र लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया. १९४७ पूर्वी या रोगाचे निदान झालेले मूल बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत असे. अमेरिकेतील सहकारी परीक्षणांत २००० ते २००५ या काळात दाखल झालेल्या मुलांत पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ९०.४ टक्के इतके आढळले. अर्ध्या शतकात घडलेला हा पालट विलक्षण आहे. परंतु त्याचा तपशील पाहू लागले की एक गोष्ट ध्यानात येते. ज्या औषधांनी हा पालट घडविला त्यांपैकी बहुतेक सर्व १९७० च्या सुमारास डॉक्टरांच्या हाती आलेली होती, आणि त्या वेळी उत्तम रुग्णालयांतही फार तर निम्मी मुले वाचत होती. निम्म्यापासून नऊ-दशमांशापर्यंतचे अंतर मुख्यत्वे नव्या द्रव्यांनी कापलेले नाही. जुनीच द्रव्ये कोणत्या क्रमाने, किती मात्रेत, किती काळ आणि कोणत्या मुलाला द्यावयाची, या प्रश्नांची उत्तरे मिळत गेली तसतसे ते कापले गेले.

ही उत्तरे एकट्या डॉक्टरला किंवा एकट्या रुग्णालयाला शोधता येण्यासारखी नव्हती. त्यासाठी अनेक रुग्णालयांनी एकाच लेखी योजनेप्रमाणे उपचार करावयाचे, एकाच मापाने फळ मोजावयाचे आणि अपयशाचाही हिशोब एकाच वहीत लिहावयाचा, असा करार आवश्यक होता. हा करार कसा घडला, त्याची किंमत कोणी दिली आणि तो आपल्याकडे कसा आला, याचा मागोवा पुढे घेतला आहे.

२. नाव मिळाले, उपाय नाही

१८४५ साली एडिंबरो येथे जॉन ह्यूज बेनेट आणि बर्लिन येथे रुडॉल्फ विरखो यांनी स्वतंत्रपणे या विकाराची नोंद केली. बेनेट यांना तो रक्तातील पू वाटला. विरखो यांनी श्वेतपेशींचीच ही बेसुमार वाढ आहे हे ओळखले आणि १८४७ साली त्याला ‘ल्युकेमिया’, म्हणजे श्वेतरक्त, हे नाव दिले. अस्थिमज्जेत अपक्व श्वेतपेशी अनिर्बंध वाढू लागतात आणि निरोगी पेशींना जागाच उरत नाही. रक्तकण घटल्याने मूल पांढरेफटक पडते, रक्त गोठविणारे बिंबाणू घटल्याने रक्तस्राव होतो, आणि संसर्गाशी झुंजणाऱ्या प्रौढ श्वेतपेशी नसल्याने साधा तापही प्राणावर बेततो.

पुढील शंभर वर्षे ज्ञान वाढले, उपाय वाढला नाही. सोमलाचे द्रावण, क्ष-किरण, रक्तदान हे सारे उपाय झाले; तीव्र प्रकारात त्यांचा टिकाऊ उपयोग नव्हता. श्रीमंतीही येथे निरुपयोगी होती. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई यांचे १९३१ साली ल्युकेमियानेच निधन झाले. दुसऱ्याच वर्षी, १९३२ साली, दोराबजींनी पत्नीच्या नावे लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला. या न्यासाच्या उत्पन्नाचा मोठा भाग ल्युकेमियावरील संशोधनाला, मग ते कोणत्याही देशात चालो, दिला जावा अशी त्यांची योजना होती. त्याच वर्षी दोराबजीही निवर्तले. परळ येथील टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले, त्याच्या मुळाशीही हेच दुःख होते. द्रव्य होते, सदिच्छा होती. उपाय कोठे शोधावा हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

३. परळ ते बॉस्टन

ज्या धाग्याने पहिला उपाय हाती आला त्याचे एक टोक, योगायोगाने, परळातच आहे. १९२८ साली लुसी विल्स या इंग्रज रक्तरोगतज्ज्ञ मुंबईस आल्या आणि हाफकिन संस्थेच्या आश्रयाने गर्भवती स्त्रियांच्या एका घातक पांडुरोगाचा अभ्यास करू लागल्या. गिरणी कामगारांच्या वस्तीतील निकस आहारावर राहणाऱ्या स्त्रियांत हा विकार विशेष आढळे. यीस्टच्या अर्काने, बाजारात मिळणाऱ्या मार्माइटनेही, तो बरा होतो हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात घटकाला काही काळ ‘विल्स घटक’ असे म्हणत. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे करण्यात आले व त्याला पानावरून ‘फोलिक आम्ल’ हे नाव मिळाले. विल्स यांचा घटक तो हाच, हे पुढे निश्चित झाले.

या आम्लाचे कृत्रिम संश्लेषण १९४५ साली लेडर्ली प्रयोगशाळेत झाले. तेथील संशोधनाचे सूत्रधार येल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रातील भीमावरमचे. मद्रास येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १९२३ साली ते बॉस्टनला गेले होते. सुब्बारावांच्या प्रयोगशाळेतील फोलिक आम्लाची संयुगे बॉस्टनच्या बालरुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ सिडनी फार्बर यांच्याकडे आली. पांडुरोग बरा करणारे द्रव्य ल्युकेमियातही गुणकारी ठरेल, ही अपेक्षा अवाजवी नव्हती. प्रत्यक्षात उलटे घडले. ही संयुगे दिलेल्या ल्युकेमियाच्या मुलांत रोग अधिक वेगाने वाढल्यासारखा फार्बर यांना दिसला.

अपाय झाल्यासारखे दिसताच तो विषय गुंडाळून ठेवणे मनुष्यस्वभावाला धरून झाले असते. फार्बर यांनी ती नोंद तशीच ठेवली आणि तिच्यातून प्रश्न काढला : फोलिक आम्लाने या पेशी वाढत असतील, तर फोलिक आम्लाचे कार्य रोखणाऱ्या द्रव्याने त्या आटतील काय? सुब्बारावांच्या सहकाऱ्यांनी अशी विरोधी द्रव्ये तयार केली. त्यांपैकी ॲमिनोप्टेरिनचा प्रयोग १९४७ च्या अखेरीस सुरू झाला. जून १९४८ मध्ये फार्बर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या लेखात १६ मुलांवरील उपचारांचा हिशोब आहे. त्यांपैकी १० मुलांत सुधारणेची निश्चित चिन्हे दिसली. लेखाच्या शीर्षकात ‘तात्पुरता उपशम’ असेच शब्द होते, आणि ते प्रामाणिक होते. काही महिन्यांत रोग परत येई व मग औषध चालत नसे. सुब्बाराव स्वतः त्याच वर्षी, ऑगस्ट १९४८ मध्ये, निवर्तले.

४. एकट्या डॉक्टरची अडचण

पुढील पंधरा वर्षांत औषधे येत गेली. अधिवृक्क ग्रंथीशी संबंधित संप्रेरकांचा उपयोग १९४९ च्या सुमारास कळला. जॉर्ज हिचिंग्ज व गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतून आलेले ६-मर्कॅप्टोप्युरीन १९५३ साली वापरात आले. आपल्या अंगणातील सदाफुलीच्या झाडापासून काढलेले व्हिंक्रिस्टीन १९६० नंतर हाती आले. प्रत्येक औषधाने काही मुले काही काळ हसतखेळत घरी जात आणि मग पुन्हा रुग्णालयात येत. उपशमाची ही सुटी लांबविता येईल काय, एवढाच प्रश्न उरला होता.

या टप्प्यावर एक पद्धतीविषयक अडचण उभी राहिली. ती नीट समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. हा रोग विरळ आहे. एका रुग्णालयात वर्षाकाठी मोजकी मुले येत. प्रत्येक मुलाचा रोग थोडा वेगळा. वय वेगळे, श्वेतपेशींची संख्या वेगळी. आठ मुलांना एक औषध देऊन पाच सुधारली आणि दुसऱ्या गावी दहांना दुसरे औषध देऊन चार सुधारली, तर पहिले औषध सरस की पहिल्या गावी आलेली मुलेच कमी आजारी? शिवाय ‘सुधारणा’ म्हणजे काय हे दोन्ही गावांनी आपापल्या परीने ठरविलेले. अशा स्थितीत अनुभवी डॉक्टरचे मत म्हणजे बहुधा त्याच्या स्मरणात ठसलेल्या दोन-तीन मुलांची आठवण असे. हेतू शुद्ध असूनही ज्ञान साचत नव्हते.

या अडचणीवरचे तत्त्व दुसऱ्या रोगाच्या निमित्ताने सिद्ध झालेले होते. १९४८ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनचे परीक्षण प्रसिद्ध केले. त्यात १०७ रुग्णांची विभागणी, कोणाला औषध मिळणार हे कोणाच्याही मर्जीवर न सोडता, यदृच्छेने केलेली होती. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांची ही योजना. यदृच्छेने विभागलेल्या दोन गटांत अधिक आजारी व कमी आजारी रुग्ण सारखेच वाटले जाण्याची शक्यता असते. म्हणून फळात पडलेला फरक उपचाराचा आहे असे म्हणता येते. चिठ्ठ्या टाकण्यासारख्या भासणाऱ्या या कृतीत डॉक्टरने स्वतःच्या पूर्वग्रहाविरुद्ध घेतलेली खबरदारी आहे.

५. करार

१९५५ साली अमेरिकन काँग्रेसने कर्करोगावरील औषधांच्या शोधासाठी मोठा निधी मंजूर केला आणि त्या कामासाठी एक राष्ट्रीय सेवाकेंद्र उभे राहिले. त्याच सुमारास बेथेस्डा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत गॉर्डन झुब्रॉड, एमिल फ्राय व जेम्स हॉलंड यांनी ल्युकेमियाच्या पहिल्या सहकारी परीक्षणाची आखणी केली. हॉलंड लवकरच बफेलो येथील रॉसवेल पार्क संस्थेत गेले. त्यामुळे परीक्षण आपोआपच दोन गावांचे झाले. त्यात मेथोट्रेक्सेट रोज द्यावे की खंड पाडून द्यावे, असा साधा प्रश्न होता. प्रश्नापेक्षा पद्धत महत्त्वाची होती. उपशम कशाला म्हणावे, पुनरुद्भव कशाला म्हणावे, मात्रा केव्हा कमी करावी, हे सर्व आधी लिहून ठरले आणि मार्विन श्नायडरमन हे संख्याशास्त्रज्ञ प्रारंभापासून योजनेत सहभागी झाले. १९५६ साली यातूनच ‘ॲक्यूट ल्युकेमिया ग्रुप बी’ हा अनेक रुग्णालयांचा गट उभा राहिला. बालरुग्णालयांचा दुसरा गटही त्याच काळात संघटित झाला.

डॉक्टरांच्या दृष्टीने या कराराचा अर्थ काय होता, हे सांगितले पाहिजे. वैद्यकातील प्रतिष्ठा स्वतःच्या निर्णयावर उभी असते. येथे प्रत्येकाला त्या निर्णयाचा काही भाग गटाच्या स्वाधीन करावयाचा होता. आपल्या रुग्णाला कोणता उपचार मिळेल हे बंद पाकिटातील चिठ्ठी ठरविणार. आपल्या नोंदी परक्या गावचा संख्याशास्त्रज्ञ तपासणार. आपली मज्जेची काचपट्टी दुसरा विकृतिशास्त्रज्ञ पाहणार आणि कदाचित आपले निदान चूक ठरविणार. यशाचे श्रेयही एकट्याचे राहणार नव्हते. या अटी ज्यांनी मान्य केल्या त्यांच्यामुळेच पुढील गोष्टी घडल्या.

६. एकवीस जोड्या

या पद्धतीचे सामर्थ्य व तिच्यातील नैतिक ताण एकाच परीक्षणात पाहावयाचा असेल तर १९५९-६० सालचे, एमिल फ्रायराइख व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेले परीक्षण घ्यावे. अकरा रुग्णालयांनी त्यात भाग घेतला. संप्रेरकाच्या उपचाराने ज्या मुलांत उपशम झाला होता, त्यांना पुढे ६-मर्कॅप्टोप्युरीन देत राहिल्यास उपशम लांबतो काय, हा प्रश्न होता. एकाच रुग्णालयातील, सारख्या प्रमाणात उपशम झालेल्या मुलांच्या जोड्या लावण्यात आल्या. जोडीतील एकाला औषध व दुसऱ्याला तशीच दिसणारी औषधहीन गोळी मिळे. कोणाला काय मिळते हे मुलाला, पालकांना आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरलाही ठाऊक नसे.

प्राणघातक रोगाने ग्रासलेल्या मुलाला औषधहीन गोळी द्यावी काय? हा प्रश्न तेव्हाही बोचणारा होता आणि आजही त्याची धार बोथट झालेली नाही. गटाचे उत्तर योजनेच्या रचनेतच होते. उपशमाच्या काळात औषध देणे हितकारक आहे हे त्या वेळी कोणालाच माहीत नव्हते. औषध विषारी होते आणि ते राखून ठेवणे हेच कदाचित श्रेयस्कर, असेही मानता येत होते. ज्या मुलाचा रोग परत येई त्याला लगेच ६-मर्कॅप्टोप्युरीन दिले जाई. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ठराविक संख्या पूर्ण होईपर्यंत थांबावयाचे नव्हते. एकेका जोडीचा निकाल लागेल तसा तो आलेखावर मांडावयाचा आणि रेघ ठरलेली सीमा ओलांडील त्या क्षणी परीक्षण बंद करावयाचे, असा नियम होता.

रेघेने सीमा लवकरच ओलांडली. अंतिम हिशोबात २१ जोड्यांपैकी १८ जोड्यांत औषध घेणाऱ्या मुलाचा उपशम अधिक टिकला, तीन जोड्यांत उलट झाले. औषधहीन गटातील २१ पैकी २१ मुलांत रोग परतला व त्यांच्या उपशमाचा मध्यगा-काल ८ आठवड्यांचा होता; औषध घेणाऱ्या गटात तो २३ आठवड्यांचा भरला, आणि नोंद थांबली तेव्हा त्यातील १२ मुलांत रोग परतलेला नव्हता. रोग दिसेनासा झाला तरी तो नाहीसा झालेला नसतो. म्हणून उपचार त्यानंतरही चालू ठेवावयास हवा, हे तत्त्व येथे सिद्ध झाले. पुढे इतर कर्करोगांच्या चिकित्सेलाही त्याने दिशा दिली.

या ४२ मुलांच्या आठवड्यांचे आकडे संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वेगळ्या कारणाने परिचित असतील. १९६५ साली एडमंड गेहान यांनी आपली कसोटी मांडताना आणि १९७२ साली डेव्हिड कॉक्स यांनी आपला सुप्रसिद्ध लेख लिहिताना हेच आकडे उदाहरणादाखल घेतले. तेव्हापासून ते पाठ्यपुस्तकांत आहेत. वर्गात ते सोडविताना प्रत्येक आकडा एका मुलाच्या आयुष्यातील सुटीचा काळ आहे, याचे स्मरण ठेवणे अनुचित होणार नाही.

७. निम्म्यापर्यंत, आणि त्याची किंमत

येथवरच्या निवेदनावरून सारी प्रगती यादृच्छिक परीक्षणांनीच झाली असा समज होऊ नये. तसे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. अलाबामातील हॉवर्ड स्किपर यांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखविले होते की ल्युकेमियाची एकच पेशी उंदराला मारण्यास पुरेशी असते, आणि औषधाची एक मात्रा पेशींची ठराविक संख्या मारीत नसून ठराविक प्रमाण मारते. यावरून बेथेस्डा येथे फ्राय व फ्रायराइख यांनी १९६२ च्या सुमारास व्हिंक्रिस्टीन, मेथोट्रेक्सेट, मर्कॅप्टोप्युरीन व प्रेडनिसोन ही चारही औषधे एकत्र देण्याचे धाडस केले. बिंबाणूंचे दान देऊन रक्तस्राव आवरता येतो हे त्यांच्या संस्थेने आधी दाखविले होते, म्हणूनच ते धाडस शक्य झाले. उपशम लांबले. परंतु मज्जा निर्मळ असताना काही मुलांच्या मेंदूच्या आवरणात रोग उद्भवू लागला. रक्तातील औषधे तेथे पुरेशी पोहोचत नव्हती.

या आश्रयस्थानावर हल्ला केला तो १९६२ साली मेम्फिस येथे उघडलेल्या सेंट ज्यूड रुग्णालयाने. डॉनल्ड पिंकेल यांच्या नेतृत्वाखाली तेथे ‘समग्र चिकित्सा’ या नावाने अभ्यासांची मालिका चालली. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेल्या पाचव्या अभ्यासात ३५ मुलांना डोक्यावर क्ष-किरणांचा मारा व पाठीच्या कण्यातून मेथोट्रेक्सेट देण्यात आले. त्यांतील सुमारे निम्मी मुले दीर्घकाळ रोगमुक्त राहिली. ‘बरा झाला’ हा शब्द या रोगासंबंधी प्रथमच गंभीरपणे उच्चारता येऊ लागला. पाचवा अभ्यास एका रुग्णालयाचा, तुलना-गट नसलेला होता. त्याचे तत्त्व खरे आहे हे पुढील यादृच्छिक अभ्यासांनी निश्चित केले. म्हणजे धाडस एका ठिकाणी व पडताळा अनेक ठिकाणी, अशी ही श्रमविभागणी होती.

किंमतही होती. डोक्यावर किरण घेतलेल्या कित्येक मुलांच्या बुद्धीवर, वाढीवर दुष्परिणाम झाले. काहींना कालांतराने दुसरे कर्करोग झाले. हे कळले ते मुले जगली म्हणून, आणि त्यांच्या नोंदी गटांनी वर्षानुवर्षे सांभाळल्या म्हणून. यानंतर परीक्षणांचा प्रश्न बदलला. आणखी काय देता येईल याबरोबरच काय वगळता येईल हेही विचारले जाऊ लागले. बर्लिनमध्ये हान्सयॉर्ग रीम यांनी १९७० साली सुरू केलेल्या कार्यातून बर्लिन-फ्रँकफुर्ट-म्युन्स्टर गट उभा राहिला. उपशमानंतर काही काळाने पुन्हा एकदा तीव्र उपचार द्यावयाचा, हे त्यांचे सूत्र अमेरिकन गटांनी आपल्या परीक्षणांत पडताळून स्वीकारले. सेंट ज्यूडच्या २००० ते २००७ या काळातील अभ्यासात ४९८ मुलांपैकी एकालाही प्रतिबंधक म्हणून डोक्यावर किरण दिले गेले नाहीत, तरीही पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ९३.५ टक्के आले. ब्रिटनमध्ये २००३ साली सुरू झालेल्या परीक्षणात, उपचारानंतर मज्जेतील अवशिष्ट पेशी अतिसूक्ष्म मोजमापाने आढळल्या नाहीत अशा मुलांना तीव्र उपचाराचा एक टप्पा कमी दिला तरी फळात उणीव येत नाही, असे दिसून आले. निरुपद्रवी कपात सिद्ध करण्यास हजारो मुलांची नोंद लागते. सहकाराशिवाय ती अशक्य आहे.

८. भारतातील अनुभव

एवढ्या यशाचा लाभ जगातील बहुसंख्य मुलांना सहजासहजी मिळाला नाही. १९७०-८० च्या दशकात भारतातील विशेष कर्करोग केंद्रांतही या रोगात दीर्घकाळ रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण २० टक्क्यांहून कमी होते. औषधे ठाऊक होती. परंतु ज्याला त्याला सुचेल, परवडेल तसे उपचार होत.

१९८४ पासून मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय, मद्रासची कर्करोग संस्था व दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था या तीन ठिकाणी ‘एमसीपी-८४१’ हा एकच उपचारक्रम लागू होत गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील इयन मॅग्राथ व टाटा रुग्णालयातील सुरेश अडवाणी हे त्याच्या प्रमुख शिल्पकारांपैकी होते. क्रम आखताना येथील खाटा, रक्तपेढ्या, संसर्गाचे प्रमाण व कुटुंबांची ऐपत यांचा विचार केला गेला. परदेशातील सर्वांत तीव्र उपचार जसाच्या तसा उचलला असता तर ल्युकेमियाऐवजी उपचारानेच अधिक मुले गेली असती. या क्रमामुळे व साहाय्यक शुश्रूषेतील सुधारणांमुळे चार वर्षे रोगमुक्त राहण्याचे प्रमाण ४५ ते ६० टक्क्यांपर्यंत गेले. १९९० ते १९९७ या काळातील १०४८ रुग्णांचा हिशोब २००५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा तिन्ही केंद्रांतील फळांत लक्षणीय फरक असल्याचेही त्यात नमूद केले होते. एकच क्रम असल्यामुळेच तो फरक दिसू शकला. तीन ठिकाणी तीन क्रम असते तर फरकाचे कारण शोधणेच खुंटले असते.

हे अकरावे रुग्णालय, बारावे रुग्णालय अशी केवळ संख्यावाढ नव्हती. भारतीय परिस्थितीने परीक्षणाच्या पद्धतीलाच एक नवा रकाना जोडण्यास भाग पाडले : उपचार अर्धवट सोडणाऱ्यांचा. यवतमाळ किंवा दरभंग्याहून आलेले कुटुंब दोन-अडीच वर्षे चालणाऱ्या उपचारासाठी परळात कोठे राहणार? बापाची मजुरी बुडते, घरी दुसरी मुले असतात. उपशम होऊन मूल खेळू लागले की ते बरे झाले असे वाटून गावी परतण्याचा मोह होतो. एकवीस जोड्यांच्या परीक्षणाने जे शिकविले होते, की रोग दिसेनासा होणे म्हणजे जाणे नव्हे, ते येथे प्रत्येक आईबापाला समजावून सांगावे लागते. अशा मुलांना गणतीतून वगळले तर रुग्णालयाचे आकडे सुधारतात आणि सत्य बिघडते. दादरची संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा किंवा २००६ साली मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड इंडिया बालनिवास केंद्रे यांचे स्थान म्हणूनच दानधर्मापुरते नाही. कोणत्याही औषधाइतके ते उपचाराच्या फळात मोजावे लागते. समाजसेविका, परिचारिका, आहारतज्ज्ञ हेही या कराराचे पक्षकार ठरतात.

पुढील पायऱ्या संक्षेपाने सांगता येतील. २००७ साली भारतीय चिकित्सा-परीक्षणांची नोंदवही सुरू झाली व २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. त्यामुळे नको असलेला निकाल दडपणे अवघड झाले. २०१२ साली राष्ट्रीय कर्करोग ग्रिड स्थापन होऊन देशभरातील केंद्रे एकमेकांस जोडली जाऊ लागली. २०१६ पासून कोलकाता, मुंबई, दिल्ली, चेन्नई व चंडीगढ येथील केंद्रांनी बालकांच्या याच ल्युकेमियासाठी रुग्णाच्या जोखमीनुसार उपचार ठरविणारे यादृच्छिक परीक्षण एकत्रितपणे हाती घेतले. प्रश्न भारतीय, रुग्ण भारतीय आणि उत्तरही येथेच शोधावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे. रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशींत पालट घडवून त्या रोगावर सोडण्याची पद्धत मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था व टाटा मेमोरियल केंद्र यांच्या सहकार्याने येथे विकसित झाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला शासकीय मान्यता मिळाली. ही घटनाही अभियंता, जीवशास्त्रज्ञ व चिकित्सक यांनी एका योजनेखाली काम केल्याचे फलित आहे.

९. निष्कर्ष

वरील इतिहासावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, औषध ही आवश्यक अट होती, पुरेशी अट नव्हती. दुसरी, ज्ञान साचण्यासाठी परिभाषा, माप व नोंद यांची एकवाक्यता आधी व्हावी लागते. ती व्यक्तीच्या प्रतिभेतून येत नाही, व्यवसायाच्या शिस्तीतून येते. तिसरी, अपाय, पुनरुद्भव व उपचार सोडून गेलेली मुले यांची नोंद प्रामाणिक असेल तेवढीच पुढची पायरी भक्कम होते. फार्बर यांनी अपायाची नोंद झाकली असती तर ॲमिनोप्टेरिनचा विचार सुचला नसता. बुद्धीवरील दुष्परिणाम मोजले गेले नसते तर डोक्यावरील किरण आजही चालू राहिले असते.

याच्या जोडीला एक मर्यादाही सांगितली पाहिजे. सहकारी परीक्षण ज्या मुलांपर्यंत पोहोचते त्यांच्याविषयीच ते बोलू शकते. ज्या मुलाचे निदानच झाले नाही, ज्याचा ताप हिवताप समजून औषध दिले गेले आणि जे जिल्ह्याच्या गावी पोहोचण्यापूर्वीच गेले, ते कोणत्याही गटाच्या वहीत नाही. आपल्या देशात अशा मुलांची गणना करणे हे पुढील संशोधकांपुढील काम आहे. त्यासाठी लागणारे साधन नवे नाही : सर्वांनी एकच व्याख्या मान्य करावयाची, एकाच वहीत लिहावयाचे आणि जे हिशोबात बसत नाही तेही लिहावयाचे.